वेखंडे गुरुजींची खातरजमा

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी वेखंडे गुरुजींनी माझा नेमणुकीचा आदेश तीन वेळा वाचला. एकदा नुसता, एकदा चष्मा लावून आणि एकदा दारातल्या उजेडाकडे धरून. मग मला बाकावर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन पंचायत समितीत फोन लावला. दोन्ही खोल्यांवर पत्रा एकच, त्यामुळं मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "एक बाई आल्यात," ते सांगत होते. "उंच, सावळ्या, चष्मा हाय. तुमीच पाठवल्यात का?" पलीकडून होकार आला असावा. बाहेर येऊन ते म्हणाले, "या बाई. राग मानू नका. खातरजमा केलेली बरी." राग मला आला होताच. शहापुरातून दोन गाड्या बदलून आणि अर्धा तास चढ चढून मी काय तोतयेगिरी करायला आले होते?

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी ती वाडी. अर्धी ठाकरांची, अर्धी कातकऱ्यांची. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक आम्ही दोघं, पोरं वीस-बावीस. गुरुजी मुरबाडकडचे, धसईचे. आठवडाभर खर्डीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की घरी जायचे. तालुक्यातले शिक्षक त्यांना मागं शंकासुर म्हणत. गुरुजींना ते माहीत होतं. कोण कोण म्हणतं याचीही त्यांनी खातरजमा केलेली होती.

त्यांचा विश्वास कशावर होता हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. खडूची पेटी आली की ते वरचा खडू न घेता तळातला काढून फळ्यावर ओढून बघत. खिचडी शिजली की पहिला घास त्यांचा. तो नियमच आहे म्हणा, पण गुरुजी घास खाऊन घड्याळाकडे बघत दहा मिनिटं स्वस्थ बसायचे. खिचडी शिजवणाऱ्या मंदाताई दारात डाव घेऊन उभ्या असायच्या. "गुरुजी जिवंत हायत," त्या मला म्हणायच्या, "वाढू का आता?" कुणी काहीही सांगितलं तरी गुरुजींचं उत्तर ठरलेलं असे. "असंल. पण बघू." पाऊस येणार म्हटलं तरी तेच आणि साहेब येणार म्हटलं तरी तेच.

पहिल्याच वर्षी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, दुसरीची सगळी मुलं वाचायला लागली. गुरुजी उठून वर्गात आले. एका मुलीपुढं पुस्तक धरलं, चित्रावर आपला जाड अंगठा ठेवला आणि म्हणाले, "वाच." चित्र झाकलं गेलं तशी मुलगी गप्प झाली. मग दुसऱ्या एका पोराचं पुस्तक त्यांनी हळूच उलटं केलं. पोरगा न अडखळता धडा म्हणतच राहिला. "बघितलंत, बाई," गुरुजी म्हणाले, "लई हुशार हाय. पण वाचत नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांपुढं नको होतं, असं मी त्यांना नंतर सुनावलं. ते म्हणाले, पोरांना माहीत असतंच, माहीत नसतं ते आपल्याला.

या स्वभावाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. एके रविवारी ते धसईच्या बाजारात एसटीची वाट बघत उभे होते. एक चांगला बाप्या माणूस पाया पडला. त्यांचाच जुना विद्यार्थी. हालहवाल झाली आणि तो समोरच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजी, ही गाडी कुठं जाते?" गाडीवर हातभर अक्षरात पाटी होती. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वाचतो' असं गुरुजींनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. पोर घडाघडा धडे म्हणायचं, म्हणून लिहिलेलं. "त्याला मुरबाडच्या गाडीत बसवून दिला," गुरुजी म्हणाले, "आणि मी तिथंच बसलो. दोन गाड्या गेल्या माझ्या." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

अशा माणसाच्या शाळेत मी टॅब आणले.

मुंबईच्या एका संस्थेकडे अर्ज मीच केला होता आणि तिच्या दहा टॅबचं खोकं माझ्याच स्कूटीवरून वर आलं. टॅबमध्ये धडे, गाणी, शब्दांचे खेळ. नेट नसलं तरी चालायचं, रेंज मिळाली की अभ्यासाची नोंद आपोआप वर जायची आणि माझ्या फोनवर दिसायची. अभ्यास झाला तर मुलाच्या नावापुढं हिरवा ठिपका, नाही झाला तर लाल. मला तर हातात स्वर्ग आल्यासारखं वाटत होतं. गुरुजींनी एक टॅब उलटासुलटा केला, कॅमेऱ्याच्या भोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणाला बघतं?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि दहाही टॅबच्या कॅमेऱ्यांवर एकेक टिकली लावली. लाल, ठसठशीत. दहा सवाष्णी ओळीनं मांडल्यासारख्या दिसत होत्या.

मग त्यांनी आपली नेहमीची परीक्षा घ्यायला टॅब पुढं ओढला. पडद्यावर माशाचं चित्र होतं आणि खाली तीन शब्द. गुरुजींनी सवयीनं चित्रावर अंगठा ठेवला. टॅबमधून टाळ्या वाजल्या, "शाबास!" असा बाईचा आवाज आला आणि पुढचं चित्र उमटलं. गुरुजींनी त्याच्यावरही अंगठा ठेवला. पुन्हा शाबास. पोरं हसून लोळायला लागली. गुरुजी हसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "माझ्या अंगठ्यालापण शाबासकी देती ही. कुणाचा अंगठा हाय ते इचारत नाय." मी म्हणाले, गुरुजी, तुम्ही दाबायचं नाही तिथं दाबलंत. ते म्हणाले, असेल.

दिवाळी झाली की कातकऱ्यांची घरं वीटभट्टीवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. दरवर्षी आमचा अर्धा पट असा डोळ्यादेखत उतरून जायचा. त्या वर्षी मी ठरवलं, जाणाऱ्या मुलांबरोबर टॅब द्यायचा, म्हणजे शाळाच त्यांच्याबरोबर जाईल. पालकांची सभा घेतली. रोज अर्धा तास अभ्यास झालाच पाहिजे असं सांगितलं. आठवडाभर लाल ठिपका दिसला तर संस्था टॅब परत नेईल, हेही बजावलं. नियम संस्थेचा होता, पण दम देणारा आवाज माझा होता. गुरुजी दाराला टेकून ऐकत होते. पुढच्या रांगेत सखू बसली होती, मांडीवर तान्हं आणि शेजारी मोठी मुलगी जनी.

जनी चौथीत होती आणि गुरुजींचा जीव तिच्यात अडकला होता. अक्षरं ओळखायची, पण शब्द जुळायचा नाही. मी आधी तिला मंद समजत होते, हे आता सांगायला लाज वाटते. दरवर्षी सहा महिने भट्टीवर गेलेल्या मुलीचं दुसरं काय होणार? जूनमध्ये ती पाचवीला आश्रमशाळेत जाणार होती. तिथं वर्ग मोठे. "नुसत्या प्रगतिपुस्तकात वाचणाऱ्या पोरीला पुढं कुणी वाचायला शिकवत नाय, बाई," गुरुजी म्हणायचे. "हितनं गेली की गेली. हे शेवटचं वर्ष हाय तिचं." त्यांचंही ते शेवटचंच वर्ष होतं. मे अखेर ते निवृत्त होणार होते.

डिसेंबर लागला आणि जनीच्या नावापुढं हिरवे ठिपके ओळीनं यायला लागले. संक्रांतीपर्यंत ती, संस्थेनं टॅब दिलेल्या आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली होती. केंद्रप्रमुखांचा अभिनंदनाचा फोन आला. संस्थेनं शहापूरला कार्यक्रम ठरवला आणि भट्टीवर राहून शिकलेली मुलगी म्हणून जनीनं पाहुण्यांसमोर उभं राहून वाचून दाखवायचं ठरलं. मी शाळेत पेढे वाटले. गुरुजींनी पेढा हुंगून खाल्ला आणि माझा फोन मागितला.

"दुपारी एक ते दीड," ते पडदा सरकवत म्हणाले. "रोज. रविवारपण. एक दिवस चुकला नाय. बाई, चौथीतली पोर एक दिवस चुकत नाय? मी चुकतो. कुठंतरी पाणी मुरतंय."

त्या दिवशी माझा तोल गेला. तुमच्याशिवाय कुणी शिकलेलं तुम्हाला बघवत नाही, असं मी त्यांच्या तोंडावर बोलले. निवृत्त होणारा माणूस, याला यंत्राचा हेवा वाटतोय, अशी माझी खात्रीच झाली होती. गुरुजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रविवारी तुमच्या स्कूटरवर मला भट्टीवर न्या. एकच्या ठोक्याला पोचायचं."

भट्टी मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे. त्या शनिवारी घरी न जाता गुरुजी खर्डीतच राहिले होते. शहापूरच्या नाक्यावर मागं बसण्याआधी त्यांनी स्कूटीचं मागचं चाक स्वतः दाबून बघितलं. पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं, कच्च्या विटांच्या ओळी वाळत पडल्या होत्या आणि माणसं जेवून सावलीला लवंडली होती. बाभळीला झोळी बांधलेली. जनी तिला झोके देत होती आणि स्वतःच पेंगत होती. टॅब तिच्याजवळ नव्हता. गुरुजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ खोपटात वाकले.

आत सखू पालथ्या घमेल्यावर बसली होती. हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले. मांडीवर टॅब. आम्हाला बघून ती ताडकन उठली आणि टॅब पदराखाली घेतला.

"हा अभ्यास कोण करतं?" गुरुजींनी विचारलं.

"जनीच्या नावाचा हाय."

"नाव जनीचं. करतं कोण?"

सखू घाबरली होती, पण खोटं बोलली नाही. सगळं तिनं सरळ सांगितलं. भट्टीवर एक जण आजारी पडलं की घरातलं दुसरं त्याच्या जागेवर बसतं. मुकादम थापलेल्या विटा बघतो, कोण बसलंय ते विचारत नाही. डिसेंबरात जनी तापानं पडली. तिचा अर्धा तास रिकामा गेला असता, नाव लाल झालं असतं, टॅब गेला असता आणि टॅबबरोबर पोरीची शाळा गेली असती. म्हणून आई तिच्या जागी बसली. ताप गेला, मग तान्ह्याला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बसतच राहिली. "मी बदली बसले, बाई," ती मला म्हणाली. "पोरीचा खाडा नाय पडू दिला." ती हे अभिमानानं सांगत होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. लाल ठिपक्याचा धाक मीच घातला होता.

मला वाटलं, गुरुजी आता माझ्याकडे वळून काहीतरी बोलतील. ते वळले नाहीत. ते सखूकडे निरखून बघत होते. मग त्यांनी पिशवीतून भाकरी गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद काढला, झटकला आणि तिच्यापुढं धरला. "खालची ओळ वाच."

सखू शाळेची पायरी चढलेली नव्हती. तिनं कागदावर बोट ठेवलं. "पा-णी पुर-व-ठा," ती म्हणाली. "शुक-र-वा-री बं-द रा-हील." गुरुजींनी कागद फिरवला, मधलीच एक ओळ दाखवली. तिनं तीही वाचली. मग कोपऱ्यातली जाहिरात. शब्दाशब्दाला थांबत, पण वाचली. गुरुजींनी कागदाची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

"सखू, तू वाचतेस," ते म्हणाले.

"मी कुठं? मी नुसती बदली बसले."

मग त्यांनी बाहेर जाऊन जनीला तोच कागद दाखवला. जनीनं 'प' ओळखला, 'ण' ओळखला आणि आईकडे बघितलं. शब्द जुळला नाही. गुरुजींनी दुसरी ओळ दाखवली नाही. सखू खोपटाच्या तोंडाशी उभी होती. काय झालंय ते तिला तेव्हा कळलं, आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो.

"म्हंजे पोरीचं मी खाल्लं, गुरुजी?"

"खाल्लं नाय. तुझ्याकडं ठेवलंय," गुरुजी म्हणाले. "आता दे तिला. मी दर शनिवारी येणार हाय. येऊन तपासणार."

परत येताना मी वाटेत त्यांना विनवलं की कार्यक्रमाला दुसरी कुठली तरी मुलगी उभी करू, कुणाला काही सांगायला नको, माझी लाज जाईल. त्यांनी ऐकलं नाही. जनी अजून वाचत नाही, तिला मंचावर आणणार नाही, असं एका ओळीचं पत्र त्यांनी संस्थेला लिहिलं. आठ दिवसांत संस्थेचे एक साहेब लॅपटॉप घेऊन वर आले. आमची माहिती चुकूच शकत नाही, असं म्हणत होते. जनीचा टॅब जमा करून घेऊ, असंही म्हणाले. आणि मग ज्या माणसानं दहा टॅबना टिकल्या लावल्या होत्या, तो एका टॅबसाठी भांडायला उभा राहिला. "तुमचं यंत्र खोटं बोलत नाय, साहेब," गुरुजी म्हणाले. "कुणीतरी शिकलं हे खरंच हाय. कोण शिकलं तेवढं त्याला कळत नाय. ते आपण जाऊन बघायचं असतं. ह्यानं एक बाई वाचायला शिकवली, मी तपासलीय. टॅब तिथंच राहील." साहेब पाणी पिऊन खाली उतरले. टॅब राहिला. कार्यक्रमात दुसऱ्या शाळेची एक मुलगी वाचली, आणि खरं सांगते, मी तिच्या पुस्तकाकडे बघत बसले, चित्र कुठं आहे ते.

संशय हा संसर्गजन्य असतो. शनिवारी शाळा सुटली की गुरुजी पिशवी उचलून निघायचे आणि सोमवारी विचारलं की म्हणायचे, गेलो होतो. माझ्या मनात आलं, हे खरंच वाट वाकडी करून उतरतात की सरळ घरी जातात? एकदा मी मुकादमाच्या फोनवर फोन करून सखूला विचारलं. "येतात ना," ती म्हणाली. "जनीनं वाचल्याबिगर गुरुजी चा घेत नाय. दोन बारी चा निवला." मी फोन ठेवला आणि स्वतःची शरम वाटली. गुरुजींना मी हे सांगितलं नाही. त्यांना कळलं असतं तर वाईट वाटलं नसतं, उलट बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

एक मेला निकाल लागला. सगळ्यांची प्रगतिपुस्तकं वाटली, जनीचं गुरुजींनी ठेवून घेतलं. वाचनाची चौकट कोरी होती. भट्ट्या बंद व्हायला अजून वेळ होता. एकतीस मे हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सुट्टीचा काळ, निरोप समारंभ केंद्रात आधीच उरकलेला. सकाळी त्यांचा फोन आला, बाई, शाळेत या. मी वर पोचले तेव्हा कुलूप उघडं होतं, वर्ग झाडलेला होता आणि सखू, जनी भिंतीकडे उभ्या होत्या. दोघी दोनच दिवसांपूर्वी परतल्या होत्या.

"तुमी तपासा हिला," गुरुजी मला म्हणाले.

मी म्हणाले, इतके शनिवार तुम्ही ऐकताय, मी कशाला?

"म्हणूनच. मला ती तोंड उघडायच्या आधीच वाचल्यागत ऐकू येती आता. माझ्या कानाचा भरवसा नाय राहिला." त्यांनी माझ्या टेबलावर पेन ठेवलं आणि बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, हातपंपापाशी आमच्याकडे पाठ करून ते उभे राहिले. हात मागं बांधलेले, आणि एक बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट.

माझ्या पिशवीत माझ्या भाचीसाठी घेतलेलं पाचवीचं पुस्तक होतं, जनीनं कधीच न पाहिलेलं. मध्येच एक पान उघडलं. एकही चित्र नव्हतं. जनीनं बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत पक्ष्यांबद्दल काहीतरी होतं आणि 'स्थलांतर' या शब्दाशी ती थांबली. सखूचे ओठ हलले, तशी तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. जनी मागं गेली, ओळीच्या सुरुवातीपासून आली, पुन्हा थांबली. "स... थ... स्थ," ती पुटपुटली. "स्थ-लां-तर." आणि मान वर न करता पुढं वाचत गेली.

मी बाहेर गेले.

"वाचते, गुरुजी."

ते वळले नाहीत. "अडली कुठं?"

"जोडाक्षराला. दोनदा अडली. मागं जाऊन परत वाचलं."

तेव्हा ते वळले. "अडली ना?" ते म्हणाले. "मग वाचते."

आत आले. पुस्तक बाकावर उघडंच होतं, जनी अजून त्याच्यावर बोट ठेवून उभी होती. मला वाटलं, आता हे एखादी ओळ वाचायला लावणार. त्यांनी पुस्तकाकडे बघितलंही नाही. प्रगतिपुस्तक उघडून कोऱ्या चौकटीत एक शब्द लिहिला, खाली 'तपासणाऱ्या' असं लिहून पुढं माझं नाव घातलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग ते जनीला न देता सखूपुढं धरलं.

"काय लिवलंय, वाच."

सखूनं पदराला हात पुसले, पुस्तक घेतलं आणि उजेडाला आली. "वा-च-ते," तिनं वाचलं. परत एकदा वाचलं, आता सलग. "वाचते." मग माझ्या नावाची अक्षरं जुळवायला लागली. तिचं वाचून व्हायच्या आत गुरुजींनी पिशवी खांद्याला अडकवली, शाळेची किल्ली माझ्या हातात दिली आणि पायवाटेनं खाली उतरायला लागले.